आमच्याकडे कामाला असते

॥ श्री ॥

चिंचवड,
ता. ३ ऑगस्ट १९५७

चि. सौ. शालन हीस इंदूचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. आईचे गुडघे पावसाळ्यामुळे धरलेत, पण हिंडतीफिरती आहे. ज्योतीरामदादाला पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात पक्की नोकरी लागली. आता सायकलवरून जातो आणि घरी आला की आधी साबणाने हात धुतो, वहिनी त्यावरून त्याला हसते. आपल्या जुन्या गोठ्याला मध्ये भिंत घालून दोन बिऱ्हाडं ठेवलीत, दोन्ही बीडकडची. म्हशी विकल्या.

अक्षर पाहून तुला वाटलं असेल, नेहमीसारखं आईचंच पत्र. लग्नानंतर सहा वर्षांत तुला घरून गेलेलं प्रत्येक पत्र याच हाताचं आहे. आई माझ्यासमोर बसायची, मी तिच्या ओठांकडे बघत लिहायची आणि शेवटी 'तुझी आई' असं घालायची. तुमच्या घरी ती पत्रं मोठ्यानं वाचून दाखवतात, म्हणून माझं नाव कधीच घातलं नाही. 'घरची सगळी मजेत' असं लिहिलं की त्या सगळ्यांत मी आहे असं मी धरून चालायची. आज पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने लिहितेय. तू सांगितल्याप्रमाणे पाकीट तुझ्या शेजारच्या अंबूबाईंच्या पत्त्यावर टाकते. त्या विश्वासाच्या आहेत असं तू म्हणतेस, तेव्हा काळजी नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आईला दाखवलं नाही.

सोजर चार वर्षांची होत आली आणि अजून 'आई' म्हणत नाही, हाक मारली तर वळत नाही. सासूबाई म्हणतात हट्टी आहे. आणि तू मला विचारतेस, 'ताई, तुला कसं कळलं होतं?' माझी गोष्ट वेगळी, शालू. मी दहा वर्षांची होते, मला ऐकू येणं म्हणजे काय ते ठाऊक होतं. ताप उतरल्यावर उठून बसले तर आई नुसती तोंड हलवत होती. मला वाटलं, चेष्टा करतेय. सोजरला कसलीच आठवण नाही. तिला सगळं असंच वाटत असणार.

तरी एक करून बघ. ती खेळण्यात गुंग असताना तिच्या पाठीमागे जा आणि हलकेच ताट वाजव. आपटू नकोस. जमीन हादरली की पायांना कळतं, मग ती वळेल आणि तुम्ही सगळे म्हणाल की बघा, येतंय की ऐकू. तुझी सावलीही तिच्या पुढ्यात पडू देऊ नकोस. दोन-तीनदा कर. नाहीच वळली तर तिला मारू नका, एवढं माझं ऐक. हट्टी समजून मार खाल्लेला माणूस पुढे खरोखरच हट्टी होतो.

माझी एक बातमी आहे. स्टेशनापलीकडे एका शेठजींनी बाटल्या धुवायचा आणि त्यांवर लेबलं लावायचा कारखाना काढलाय. बायका घेताहेत. दादा सोमवारी मला घेऊन जाणार आहे. कामाला कान लागत नाहीत, हात आणि डोळे लागतात. अठ्ठाविसाव्या वर्षी नोकरीच्या नुसत्या विचाराने मला रात्री झोप येत नाही, हसशील.

तुझ्या बघण्याच्या दिवसाबद्दल तू काही लिहिलं नाहीस. मीही लिहीत नाही.

तुझी,
इंदू


चिंचवड,
ता. २९ सप्टेंबर १९५७

चि. सौ. शालन हीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. उशीर झाला म्हणजे मी केला.

ताट वाजवून ती वळली नाही, हे तू एका ओळीत लिहिलंस. नगरच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं म्हणतेस. कशामुळे झालं ते सांगता येत नाही, असं ते म्हणाले ते बरं झालं. माझं तापाने गेलं, आपल्या घरात आणखी कुणाचं गेलेलं नाही, हे ध्यानात ठेव. पण हे लिहिल्यावर माझंच मला विचित्र वाटलं. रक्तातून आलं असतं तर तो तुझा गुन्हा झाला असता का, की माझा?

कारखान्याचं सांगते. मुकादमाने बारा बायकांना एका टेबलापाशी बसवलं, पुढ्यात बाटल्या, खळ आणि लेबलांचा गठ्ठा. माझ्या बाटल्या सर्वांत आधी संपल्या आणि एकही लेबल वाकडं नव्हतं. त्याने माझी एक बाटली उचलून बाकीच्यांना दाखवली. मग माझं नाव विचारलं. विचारताना तो मागच्या बाजूला उभा होता. बाकीच्या बायका माझ्याकडे वळून बघायला लागल्या तेव्हा मला कळलं की काहीतरी झालंय.

मला ऐकू येत नाही, हे दादाने त्याला सांगितलं. मुकादम वाईट माणूस नव्हता, समोर येऊन सावकाश बोलला, "बाई, भोंगा झाला, आग लागली, कुणी हाक मारली, तुला काय कळणार?" मी पाटीवर लिहिलं, 'शेजारची उठली की मीही उठेन.' त्याने वाचलं. हसला. दादाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला घेतलं आणि पाठ करून बोलत राहिला. पाठीवरून मला वाचता येत नाही.

परतताना दादा सायकल हातात धरून पुढे पुढे चालला. पुढे चालणाऱ्याशी मला बोलता येत नाही हे त्याला ठाऊक आहे. घरी येऊन आईला म्हणाला, "उगीच नेलं. चारचौघांत शोभा झाली." माझी झाली की त्याची, ते बोलला नाही.

आता तुझ्या पत्राचं.

सासूबाई म्हणतात, असली पोर या घरात नको, तिच्या आजोळी टाकून या. मारुतराव दिवाळीनंतर तिला घेऊन येणार. आणि तू लिहितेस, 'ताई, तू तिला ठेव. तुझ्याइतकं तिचं कुणाला कळणार? मात्र हे येतील तेव्हा तू पूर्वीसारखीच राहा. माझा संसार तुझ्या हातात आहे.'

पूर्वीसारखी.

शालू, मी हे कधीच लिहिणार नव्हते. तू हे दोन शब्द लिहिलेस म्हणून लिहितेय.

त्या दिवशी सकाळी आई मला म्हणाली, "इंदे, तू मागंच थांब. लोकं लांबून आल्यात, त्यास्नी काय सांगत बसायचं?" मी मान डोलावली. मोठी असून बिनलग्नाची, त्यातून बहिरी. तुझं जुळता जुळता मोडू नये असं मलाही वाटत होतं. पण ऐनवेळी वहिनीला घेरी आली आणि आईने तांब्या-भांडं माझ्याच हातात दिलं. मी डोक्यावरून पदर ओढून बाहेर आले. तुझ्या होणाऱ्या सासूबाईंनी माझ्याकडे बघत तुला काहीतरी विचारलं. मी तुझ्याकडे बघितलं. तुला वाटलं असेल, तोंड अर्धं वळवलं की हिला कळत नाही. कळतं. तू म्हणालीस, "आमच्याकडे कामाला असते. मुकी आहे."

मी पाणी दिलं. भांडी उचलून आत आले. मुलीचे वडील म्हणून आप्पा तिथेच बसले होते, तुला आठवतं? ज्या आप्पांनी माझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून, बोलताना गळा कसा थरथरतो ते दाखवून माझी वाचा टिकवली, तेच. त्यांनी सतरंजीवरून नजर उचलली नाही. पुढे दोन वर्षं जगले, पण माझा हात पुन्हा कधी गळ्यावर ठेवला नाही.

सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि सगळं गाव गप्प राहिलं. मुलीचं लग्न मोडायचं पाप कुणाला हवं? तेव्हापासून तुझ्या घरचं कुणी आलं की मी कामाला असते. सोजरच्या बारशाला मला चिखलीला आत्याकडे पाठवलं. तुझी माणसं गेल्यावर परत आणलं आणि त्यानंतर तीन महिने तिची अंघोळ मीच घातली.

मीही धुतल्या तांदळासारखी नाही. ती दिवाळी आठव. वहिनीचा बाळू अंगणात फटाका उडाला की मांडीत दचकून उडायचा. माझ्या मांडीवर सोजर झोपलेली होती. फटाके उडताना बाकीच्यांच्या तोंडावरून मला कळत होतं, आणि सोजर मात्र शांत. एकदा नाही, तीन दिवस. मला तेव्हाच समजलं होतं. मी आईला सांगितलं नाही, तुला सांगितलं नाही, आईच्या नावाने लिहिलेल्या एकाही पत्रात लिहिलं नाही. का, ते सांगू? पहिल्यांदा मला वाटलं, देवाने माझ्यासाठी कुणीतरी धाडलंय. नंतर त्या विचाराची लाज वाटली, आणि लाजेपायी गप्प बसले. चार वर्षं गेली तिची. आधी सांगितलं असतं तर कदाचित तिने एवढा मार खाल्ला नसता.

तिला पाठव. मी तिला ठेवीन, माझ्या अंथरुणात झोपवीन, माझ्या ताटात जेवू घालीन. मारुतराव आल्यावर मी काय करीन ते मला आज सांगता येत नाही. जमेल तेवढं तुझ्यासाठी गप्प राहीन.

पत्र वाचून जाळ.

इंदू


चिंचवड,
ता. १ डिसेंबर १९५७

प्रिय शालू,

हे तुला तिसरं पाकीट. सप्टेंबरातल्या पाकिटाचं उत्तर नाही. अंबूबाईंनी ते पोचवलं नाही, की तुलाच उत्तर द्यायचं नाही, ते मला माहीत नाही. मारुतरावांनी घरी येऊन काय सांगितलं असेल तेही माहीत नाही. म्हणून जे झालं ते आज तसंच्या तसं लिहिते.

ते तीन आठवड्यांपूर्वी, सोमवारी दुपारी आले. सोजरला खांद्यावर घेऊन स्टेशनापासून चालत आले. तिच्या पायात नवे बूट होते. आईने मला डोळ्यांनी खुणावलं, मी मागच्या दारी जाऊन भांडी घासत बसले. मनाशी पक्कं ठरवलं होतं, शालू. तुझ्या शपथेवर सांगते, ठरवलं होतं.

सोजर घरभर फिरली आणि मागच्या दारी आली. मला बघून उभी राहिली. मी हात पुसले, तिच्या समोर उकिडवी बसले आणि दोन बोटांनी तिच्या बुटांकडे दाखवून तोंडाने 'छान' केलं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे, नीट. इतक्या लहान वयात कुणी न शिकवता ती ओठ बघायला शिकलीय. तुला हे माहीत होतं?

मारुतराव तिला शोधत मागे आले. मला तुझा नवरा वाईट वाटत नाही, हेही लिहून ठेवते. त्यांनी सोजरच्या डोक्यावरून हात फिरवला. मग माझ्यापुढे वाकले, मुक्या माणसाशी बोलताना लोक तोंड मोठं करतात तसं केलं आणि म्हणाले, "ही पण तुझ्यासारखीच. तुला सोबत झाली. हिला भांडी घासायला शिकव, अंगण झाडायला शिकव. पुढं कुणाच्यातरी घरी राहील, पोटाला मिळेल."

मायेनं म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

कुणी चिडून बोललं असतं तर मी सोसलं असतं. सहा वर्षं सोसलंच की. पण त्यांनी चार वर्षांच्या मुलीचं सगळं आयुष्य एवढ्या मायेनं माझ्यापाशी आणून ठेवलं, आणि ते आयुष्य कुठून आलं तर मी पदर ओढून दिलेल्या त्या पाण्यातून आलं. त्यांनी दुसरं काही बघितलेलंच नव्हतं.

मी उठून उभी राहिले आणि बोलले. घराबाहेरच्या माणसापुढे मी बारा वर्षांत तोंड उघडलं नव्हतं, शाळेतली पोरं माझ्या आवाजाच्या नकला करायची तेव्हापासून. आवाज केवढा निघाला ते मला कळलं नाही. गोठ्यातल्या बिऱ्हाडांतल्या बायका बाहेर आल्या, म्हणजे मोठा असणार. मी म्हणाले, "मी शालनची थोरली बहीण आहे. ही माझी भाची आहे. ही कामाला राहणार नाही."

ते एक पाऊल मागे सरले. आधी मी बोलले याचंच त्यांना नवल वाटलं. मी काय बोलले ते नंतर ध्यानात आलं. आई दारात येऊन उभी होती. त्यांनी तिच्याकडे वळून विचारलं. आईने पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. मग पदर काढून म्हणाली, "व्हय. माझीच हाय." मला वाटतं, सहा वर्षांत आईने हे पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

ते जेवले नाहीत. ताट वाढून तसंच राहिलं. दादा पहिल्या पाळीवरून परतला तेव्हा ते चपला घालत होते. दोघं अंगणात बोलले. दादाचं तोंड मला दिसत होतं, "चूक झाली, पाव्हणं," असं तो म्हणत होता, पुन्हा पुन्हा. त्यांचं तोंड दिसत नव्हतं. ते काय म्हणाले ते दादाने रात्री पाटीवर लिहून दिलं. 'फसवून लग्न लावलंत. पोर तुमच्याकडची, तुम्हीच ठेवा. शालनला आता माहेर नाही. या घराचं कुणी आमच्या दारात यायचं नाही.'

दादाने मला मारलं नाही. पाटी माझ्यापुढे ठेवली आणि बाहेर जाऊन बसला. वहिनी माझ्याशी अजून बोलत नाही. माझ्याशी न बोलणं फार सोपं आहे, नुसतं तोंड वळवायचं.

जाताना मारुतराव सोजरजवळ थांबले होते, हे तुला सांगायला हवं. तिला उचलून घेतलं, तिचा गाल स्वतःच्या गालाला लावला आणि खाली ठेवलं. ती त्यांच्यामागे फाटकापर्यंत धावली. तिला काही सांगता येत नव्हतं, कुणालाच. कुठे आलो, किती दिवस, आई कुठे, कसलेच शब्द तिच्याजवळ नाहीत. आठ दिवस ती रोज बूट घालून फाटकाशी उभी राहायची. आता फाटकाशी जात नाही. त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

ती रडली तर मला ऐकू येत नाही. म्हणून झोपताना तिची मूठ माझ्या मुठीत ठेवते. हात हलला की जाग येते.

तू म्हणशील, तीन वाक्यांत मन मोकळं केलंस आणि किंमत मी भरली. खरं आहे. लेक गेली, माहेर गेलं, आणि ज्या घरात हे घडलं त्याच घरात तुला रोज चूल पेटवायची आहे. मला पश्चात्ताप होतो. रोज सकाळी उठल्याबरोबर होतो. आणि पुन्हा तसाच प्रसंग आला तर मी पुन्हा तेच बोलेन, हेही तुझ्यापासून लपवत नाही. आपल्यात लपवालपवी पुष्कळ झाली.

परवा आई आणि मी सोजरला घेऊन पुण्याला गेलो. हो, आई आली, गुडघे धरून आली. तिथे बहिऱ्या मुलांची शाळा आहे. एका वर्गात आरशापुढे मुलं बसवली होती आणि बाई एकेकाचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवत होत्या. मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले.

मोठ्या बाई म्हणाल्या, जूनमध्ये घेऊ, उशीर झालाय पण शिकेल. मी शिकलेली आहे हे कळल्यावर म्हणाल्या, लहान मुलांना सांभाळायला आम्हाला बाई हवीच आहे, विचार करा. पगार थोडा आहे, राहायला खोली आहे. मी विचार करायला दोन दिवस मागितले होते. मला खरं तर दोन मिनिटंही नको होती.

अर्ज सोबत जोडला आहे. त्यावर आई किंवा वडील यांची सही लागते. मारुतरावांकडे मागू नकोस, तुझी पुरेल. अर्ज परत पाठवणं जमलं नाही तर मोठ्या बाईंना मी सगळं सांगून दुसऱ्या अर्जावर पालक म्हणून माझं नाव घालीन. तरी त्यातली सहीची जागा जूनपर्यंत रिकामी ठेवते.

सोजरला काल पहिल्यांदा एक शब्द आला. शब्द म्हणजे ओठ मिटून उघडले, आईने सांगितलं की आवाजही निघाला. 'मा' होता म्हणे. मावशीतला की मारुतरावांना तुम्ही घरी काही म्हणता त्यातला, की नुसताच, देव जाणे. तुझाही असू शकेल. मी तिला तुझा लग्नातला फोटो दाखवून रोज एकच शब्द म्हणते. मला नीट म्हणता येतो की नाही ते मला माहीत नाही, पण ओठ बरोबर होतात.

रागावली असशील तर रागाचं लिही. चार शिव्या लिही. कोरं कार्ड नुसता पत्ता घालून टाकलंस तरी चालेल, तुझं अक्षर मी ओळखते.

वाट बघणारी,
सोजरची मावशी,
इंदू